कॅन्सर झालेल्या कुत्र्याचं रक्त: घरच्यांनी काय बघायचं, कधी धावायचं

सुलतानच्या पोटावरचे केस सोनोग्राफीसाठी काढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅलरीत उताणा पडून ऊन खात होता, तेव्हा त्या भादरलेल्या जागेवर मला लाल ठिपके दिसले. मोहरीहून बारीक, वीस-पंचवीस असतील. आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहतो, डासांना तोटा नाही. डासच चावले असतील म्हणून मी खोबरेल तेल लावलं आणि कामाला लागले. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलला तर हिरडीवरही तसेच ठिपके. त्यांनी एका ठिपक्यावर बोट दाबून धरलं आणि सोडलं. म्हणाले, "डास चावला असता तर दाबल्यावर लाली गेली असती. ही जात नाही बघा ताई. हे कातडीखाली सांडलेलं रक्त आहे."

सुलतान आमचा नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड. प्लीहेवर (स्प्लीनवर) गाठ. गाठ केवढी, पसरली का, ऑपरेशन कधी, एवढ्यातच आम्ही सगळे बुडालो होतो. रक्ताचं गोठणंच बिघडू शकतं हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पुढचे चार महिने मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, ज्यांच्या कुत्र्याला नुकतंच कॅन्सरचं निदान झालंय त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, म्हणून औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आधी हे समजून घ्या: रक्त गोठतं कसं आणि कॅन्सर त्यात काय करतो

ज्यांनी उसाला पाणी पाजलंय त्यांना हे लगेच कळेल. पाट फुटला की आधी हाताला लागेल ते ढेकूळ, पाचट भगदाडात कोंबायचं. मग वरून चिखल थापून बांध पक्का करायचा. आणि पाणी नीट वाहायला लागलं की आत पडलेली जादा माती काढून टाकायची. रक्तवाहिनी फुटते तेव्हा ढेकळाचं काम प्लेटलेट करतात. चिखलाचं काम करतं फायब्रिनचं जाळं. ते विणायला लागणारे घटक, ज्यांना डॉक्टर 'क्लॉटिंग फॅक्टर' म्हणतात, बहुतेक यकृतात तयार होतात. जखम भरली की ते जाळं विरघळवणारी तिसरी यंत्रणा असते.

कॅन्सर या तिन्ही ठिकाणी हात घालतो. हाडांच्या मगजात कॅन्सर शिरला, किंवा केमोने मगज दबला, तर प्लेटलेट तयारच कमी होतात. कधी तयार होतात, पण शरीराची प्रतिकारशक्ती बिथरून त्यांनाच मारते. कधी त्या गाठीच्या आतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत खर्ची पडतात.

आणि एक गोष्ट जी मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला: बऱ्याच कॅन्सरमध्ये रक्त आधी जास्त गोठायला लागतं. गाठीच्या पेशी गोठण्याची साखळी चालू करणारा पदार्थ स्वतःच बाहेर सोडत राहतात. माणसांमध्ये कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा हा संबंध १८६५ साली पॅरिसमधल्या आर्मां त्रुसो या डॉक्टरांनी मांडला होता. कुत्र्यांतही तेच होतं. अंगभर बारीक बारीक गुठळ्या होत राहतात, त्यात प्लेटलेट आणि फॅक्टर दोन्ही संपत जातात, आणि मग खरोखर कुठे रक्त यायला लागलं की थांबवायला काही शिल्लकच नसतं. याला डॉक्टर 'डीआयसी' म्हणतात. हा शब्द कानावर पडला तर समजा की प्रकरण तातडीचं आहे.

म्हणजे एकाच कुत्र्याला एकाच आठवड्यात पायात गुठळी अडकू शकते आणि नाकातून रक्तही येऊ शकतं. दोन्हीकडे डोळे ठेवायचे.

गाठ कोणती, हे नाव लिहून घ्या

सगळ्या कॅन्सरमध्ये रक्ताचा धोका सारखा नसतो. म्हणून रिपोर्टवरचं नाव डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या आणि विचारा, "यात रक्ताचं काय होतं?"

हिमँजिओसार्कोमा सर्वांत दगाबाज. हा रक्तवाहिन्यांच्याच अस्तराचा कॅन्सर. प्लीहा, यकृत आणि हृदयाचा उजवा वरचा कप्पा या त्याच्या आवडीच्या जागा. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडोर यांच्यात जास्त दिसतो. गाठ म्हणजे रक्ताने भरलेला फुगाच. तो पोटात फुटतो, कुत्रा अचानक गळून पडतो, कधी थोडं रक्त शरीर परत शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा बरा दिसतो. सुलतान दिवाळीत असाच एक संध्याकाळ मलूल पडला होता. फटाक्यांना घाबरला असेल असं आम्ही म्हणालो. आज कळतं की ती पहिली फूट असावी. डीआयसी होण्याचं प्रमाणही या कॅन्सरमध्ये मोठं आहे.

पण प्लीहेवर गाठ दिसली की सगळं संपलं असं धरू नका. प्लीहेच्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश कॅन्सरच्या नसतात. साठलेलं जुनं रक्त, साधी वाढ असंही निघतं. सोनोग्राफीवरून हे नक्की सांगता येत नाही. काढलेली प्लीहा पॅथॉलॉजीला पाठवल्यावरच कळतं, तेव्हा ती पाठवायला लावा.

मास्ट सेल ट्यूमर ही बहुधा कातडीवर दिसणारी गाठ. तिच्या पेशींत हिपॅरिन आणि हिस्टॅमिन भरलेलं असतं. गाठ चोळली, दाबली की ते बाहेर येतं, आजूबाजूला सूज आणि काळं-निळं होतं. शिवाय पोटात आम्ल वाढून अल्सर होतो आणि शी डांबरासारखी काळी येते. म्हणून ही गाठ येता-जाता चाचपत बसू नका, मुलांनाही सांगून ठेवा. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) आणि ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) यांत प्लेटलेट घसरतात. मायलोमात (मगजातल्या एका प्रकारच्या पेशींचा कॅन्सर) रक्त घट्ट होतं, प्लेटलेट असूनही नीट काम करत नाहीत, नाकातून रक्त येतं, डोळ्याच्या पडद्यावर उतरतं. पोटातच राहिलेल्या वृषणाला सर्टोली पेशींची गाठ झाली तर त्यातून येणाऱ्या इस्ट्रोजेनने मगज दबू शकतो. स्तनाच्या गाठींपैकी लालभडक, गरम, सुजलेला जो प्रकार असतो, त्यात डीआयसीची भीती मोठी.

पहिली पायरी: रोज सकाळी दोन मिनिटं, खिडकीपाशी

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं करा. ट्यूबलाइटच्या उजेडात हिरड्यांचा रंग फसवतो. सकाळच्या उजेडात बघा, रोज त्याच जागी.

ओठ वर करा. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. फिकट, पांढरट, पिवळसर किंवा विटकरी लाल दिसली तर त्याच दिवशी फोन. हिरडीवर लाल ठिपके आहेत का बघा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघायचा. कुत्रा बरा असतानाच एक फोटो काढून ठेवा, नाहीतर चार आठवड्यांनी "हे आधीपासूनच असं होतं का?" यावर घरात वाद होतात. आमच्याकडे झाले.

मग कानाच्या पाळीची आतली बाजू, पोट, मांडीची आतली बाजू. इथे केस विरळ असतात, ठिपके आणि काळे-निळे डाग आधी इथेच दिसतात. संशय आला तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यावर दाबा. काचेखाली ठिपका तसाच लाल राहिला तर ते कातडीखालचं रक्त. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलंय का, नाकपुडीच्या कडेला वाळलेली खपली आहे का, हेही.

फिरायला न्याल तेव्हा शी आणि लघवी बघा. ताजं लाल रक्त सगळ्यांना दिसतं. काळी, चिकट, डांबरासारखी शी मात्र नजरेतून सुटते. ती वरच्या आतड्यात किंवा पोटात रक्त येत असल्याची खूण. संशय आला तर कागदाने थोडी उचलून पांढऱ्या टिश्यूवर पसरवा, कडेला तांबूस रंग उतरतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील किंवा काल भरपूर कलेजी घातली असेल तरी शी काळी होते, तेही ध्यानात ठेवा.

शेवटी श्वास. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत हवेत. एरवी वीस-बावीस असणारा कुत्रा झोपेत चाळीस घेऊ लागला तर फुप्फुसात गुठळी अडकलेली असू शकते, छातीत किंवा हृदयाभोवती रक्त साठलेलं असू शकतं.

हे सगळं एका साध्या वहीत. तारीख, हिरडी, ठिपके, शी, श्वास, खाणं. आमची शंभर पानी वही डॉक्टरांनी दर भेटीत स्वतः मागून घेतली.

दुसरी पायरी: रक्त आलं म्हणजे कॅन्सरमुळेच आलं, असं धरू नका

आणि उलटही धरू नका. आमच्या बाबतीत उलटच झालं होतं. निदानाआधी दोन महिने सुलतानचे प्लेटलेट कमी आले, तेव्हा एका ठिकाणी गोचीड-ताप म्हणून महिनाभर डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक दिली गेली. पोटाची सोनोग्राफी करायचं कुणी सुचवलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. दोन महिने गेले ते गेलेच.

तसं बघितलं तर आपल्या भागात प्लेटलेट कमी होण्याचं पहिलं कारण गोचीडच. एर्लिकिया हा जंतू गोचिडीतून येतो, ताप, मलूलपणा, नाकातून रक्त अगदी कॅन्सरसारखंच दिसतं. शिवाय दोन्ही एकदम असू शकतात, आणि केमो चालू असताना दबलेला जुना संसर्ग वर येऊ शकतो. म्हणून कॅन्सर आहे हे माहीत असलं तरी गोचीड-तापाची तपासणी करून घ्याच.

उंदराचं औषध दुसरं. ब्रोमाडिओलोनसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत. लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर आपण विसरून गेलेलो असतो. दुकानाच्या गोडाऊनमध्ये, शेजाऱ्याच्या माळ्यावर कुणी गोळ्या टाकल्यात का, चौकशी करा. यावर व्हिटॅमिन के-वन हे हमखास औषध आहे, त्यामुळे हे कारण सुटायला नको.

शेतावर कुत्रं असेल तर घोणस. उसाच्या फडात ती असतेच आणि तिचं विष रक्ताचं गोठणं मोडून टाकतं. तोंडावर किंवा पायावर अचानक सूज आणि जखमेतून न थांबणारं रक्त दिसलं तर वाट बघू नका.

आणि एक, विशेषतः गल्लीतल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्यांसाठी: जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त येत असेल तर ते बऱ्याचदा टीव्हीटी असतं, मिलनातून पसरणारी गाठ. इथे रक्ताचं गोठणं ठीक असतं, गाठच फुलकोबीसारखी भुसभुशीत असल्याने रक्त येतं. आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन, चार ते सहा वेळा, एवढ्यावर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. "कॅन्सर आहे, आता काय करणार" म्हणून त्यांना सोडून देऊ नका, कळकळीने सांगते.

तिसरी पायरी: तपासण्या, आणि आकडा कसा वाचायचा

सीबीसीपासून, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीपासून सुरुवात. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. कुत्र्याचे प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. पन्नास हजारांच्या खाली गेले की ऑपरेशन, इंजेक्शन, खेळ सगळ्यालाच आवर घालायचा. तीस हजारांच्या खाली काही न लागताही आपोआप रक्त येऊ शकतं. ग्रेहाउंडसारख्या काही जातींत मुळातच आकडा कमी असतो, म्हणून एका आकड्यापेक्षा आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवून उतार किती वेगाने चाललाय ते बघा.

यंत्राच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रक्त घेताना सुई दोनदा टोचावी लागली, नळी नीट हलवली नाही, तर प्लेटलेट एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि यंत्र ते मोजतच नाही. सुलतानचा एकदा अठरा हजार आला होता. मी रिपोर्ट हातात धरून लक्ष्मीपुरीत भर रस्त्यात रडले. डॉक्टरांनी त्याच रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, कडेला प्लेटलेटचे घोसच्या घोस. खरा आकडा लाखाच्या वर होता. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी विचारते, "स्मिअर बघितला का?" तुम्हीही विचारा. त्याच काचपट्टीवर फाटक्या, तुकडे झालेल्या लाल पेशी दिसल्या तर डॉक्टर डीआयसीचा विचार करू लागतात.

प्लेटलेट ठीक आहेत म्हणजे गोठणं ठीक आहे असं नाही. ढेकळं आहेत, चिखल आहे का, ते पीटी आणि एपीटीटी या तपासण्यांतून कळतं. यांची नळी फिक्या निळ्या झाकणाची. त्यात एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त हे माप काटेकोर लागतं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर रिपोर्ट चुकतो. नमुना तासन् तास गाडीच्या डिकीत फिरला तरी चुकतो. माणसांच्या लॅबमध्ये ही तपासणी करावी लागली तर डॉक्टरांना विचारा की तुलनेसाठी एका निरोगी कुत्र्याचा नमुना सोबत देता येईल का, कारण माणसाची सामान्य वेळ कुत्र्याला लावून चालत नाही. डीआयसीचा संशय असेल तर डी-डायमर (गुठळी विरघळताना उरणारे तुकडे) आणि फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते) हेही बघतात. एकाच तपासणीवरून डीआयसी ठरत नाही, चार-पाच गोष्टी जुळवून ठरवावं लागतं.

रविवारी, रात्री, लॅब बंद असताना एक जुनी साधी पद्धत उपयोगी पडते. सर्पदंशात सरकारी दवाखान्यात करतात तीच: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन हलवल्याशिवाय वीस मिनिटं ठेवायचं आणि मग तिरकं करायचं. तरीही पाण्यासारखं वाहिलं तर गोठणं गंभीर बिघडलंय. हे डॉक्टरांनीच करायचं, पण अशी सोय आहे हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

तपासणी कधी? गाठीत जाड सुई घालण्याआधी, बायोप्सीआधी, ऑपरेशनआधी, प्रत्येक केमोआधी. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत आकडे सर्वांत खाली जातात, औषधागणिक दिवस बदलतात. आपल्या औषधाचा तळ कितव्या दिवशी येतो ते विचारून कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवसांत लग्नाला, यात्रेला जायचं ठरवू नका.

चौथी पायरी: घरात काय बंद करायचं

आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी देणं पहिलं बंद. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, आणि प्लेटलेटच्या कामातही अडथळा येतो. डॉक्टरांनीच मेलॉक्सिकाम हे वेदनाशामक दिलं असेल आणि दुसऱ्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, तर दोन्ही एकत्र चालू ठेवू नका, ताबडतोब फोन करा. स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिळून आतडं फाडू शकतात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हळदीच्या गोळ्या, कुणी दिलेला काढा, सगळं डॉक्टरांना सांगा. आम्ही लपवत नाही, सांगायचं राहून जातं.

याच ठिकाणी स्टेरॉइडबद्दल आणखी एक. प्लेटलेट कमी दिसले की प्रेडनिसोलोन चालू करण्याकडे कल असतो. पण गळ्याखाली, गुडघ्यामागे गाठी सुजल्या असतील तर आधी त्यांचा सुईने नमुना घेऊ द्या. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने तो काही दिवस झाकला जातो आणि मग निदानही अवघड, पुढची केमोही कमी लागू पडते.

हाडं बंद. रविवारी तांबडा-पांढरा झाला की उरलेलं हाड कुत्र्याला जाणार हे आपल्याकडे ठरलेलंच. प्लेटलेट कमी असताना त्या हाडाच्या कडेने हिरडी कापली तर रक्त थांबता थांबत नाही, आणि टोकदार तुकडा आतड्यात गेला तर वेगळंच संकट. रश्श्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो. आधीच रक्त कमी असलेल्या जिवाला ते कसं झेपणार? सासूबाईंना हे पटवायला मला आठवडा लागला. शेवटी त्यांनीच सुलतानसाठी वेगळं बिनमसाल्याचं, बिनहाडाचं मटण बाजूला काढायला सुरुवात केली.

गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस. नखं घरी कापू नका. दोरी ओढायचा खेळ, भिंतीवरून उड्या, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती थांबवा. दंडात-मांडीत इंजेक्शन द्यायचं असेल तर आकडा सांगून विचारा, दुसऱ्या मार्गाने देता येईल का. स्नायूत रक्ताची गाठ होते. रक्त मानेच्या शिरेऐवजी पायाच्या शिरेतून घ्यायला सांगा, कारण पायावर दाब देता येतो, आणि सुई काढल्यावर पाच मिनिटं घड्याळ लावून दाबून धरा. गोचीड प्रतिबंधक औषध चुकवू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

पाचवी पायरी: रक्त यायला लागलं तर

नाकातून आलं तर आधी कुत्र्याला शांत करा. सगळे भोवती जमून ओरडायला लागले की त्याचा रक्तदाब वाढतो, रक्त वाढतं. रुमालात बर्फ गुंडाळून नाकाच्या वरच्या भागावर धरा. डोकं मागे करू नका, नाकात कापूस कोंबू नका. कातडीवरची जखम असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून दहा मिनिटं धरा. मध्येच उचलून "थांबलं का" बघायचं नाही; बघितलं की जमलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, चहापूड, कॉफी काही भरू नका.

खालचं काही दिसलं तर मात्र घरगुती काही नाही, थेट गाडीत:

- अचानक गळून पडला, हिरड्या पांढऱ्या, पोट फुगलंय किंवा टणक
- मागचा एक किंवा दोन्ही पाय एकाएकी लुळे, गार, आणि हात लावला की कळवळतो
- धाप, मान पुढे ताणून श्वास, जीभ निळसर
- झटका, अचानक आंधळ्यासारखं धडपडणं
- उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही

मागचा पाय गार पडणं म्हणजे महारोहिणीच्या, म्हणजे शरीरातल्या मुख्य धमनीच्या, टोकाशी गुठळी अडकलेली असू शकते. लकवा समजून तेल लावून चोळत बसू नका. पोट फुगलेल्या कुत्र्याला कडेवर घेऊन पोट दाबू नका. जाड चादरीवर आडवं करून चार कोपरे दोघांनी धरा. निघतानाच फोन करून "पोटात रक्तस्राव वाटतोय" असं सांगा, म्हणजे तिकडे सलाइन आणि माणसं तयार राहतात. खायला काही घालू नका, लगेच ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते.

सहावी पायरी: रक्त देणारा कुत्रा आधीच शोधून ठेवा

ऐन वेळी पिशवी मिळेल यावर विसंबू नका. ओळखीत, गल्लीत, मैदानावर भेटणाऱ्या मंडळींत दोन-तीन मोठे, निरोगी कुत्रे हेरून ठेवा आणि मालकांशी आधीच बोला. वजन पंचवीस किलोच्या वर, वय एक ते आठ, लसीकरण पूर्ण, गोचीड-तापाची तपासणी स्वच्छ, आणि त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेलं नसावं. एका वेळी साधारण साडेचारशे मिली घेतात. आम्हाला राजारामपुरीतल्या एका कुटुंबाच्या लॅब्रॅडोरने रक्त दिलं. त्याच्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला नंतर अंडं द्या हं एक." आम्ही डझनभर दिली.

कुत्र्याला पहिल्यांदा रक्त चढवताना उलटी प्रतिक्रिया येण्याची शक्यता कमी असते, दुसऱ्या खेपेला मात्र रक्त जुळवूनच घ्यावं लागतं. म्हणून पहिली पिशवी कोणत्या तारखेला चढवली ते वहीत ठळक लिहा. प्लेटलेट हवे असतील तर रक्त ताजंच हवं, फ्रिजमधल्या रक्तातले प्लेटलेट टिकत नाहीत. ताज्या रक्तानेही आकडा फारसा वर जात नाही. वाहणारं रक्त आवरून ऑपरेशनपर्यंत वेळ मिळतो, तेवढ्यासाठी ते. फॅक्टर कमी असतील तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा द्रव, लागतो.

मोठ्या तपासण्या किंवा दुसरं मत हवं असेल तर कोल्हापुरातून जायला एक पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे शिरवळचं, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं, पुणे-बंगळुरू महामार्गावरच साधारण १८० किलोमीटर. मुंबईत परळला १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ महामार्ग बंद पडतो, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये आपण ते बघितलंय. पावसाळ्यात उपचार चालू असतील तर केमोची औषधं आणि गोळ्या आठवड्याभराच्या जादा आणून ठेवा, आणि अवघड प्रवास जून संपायच्या आत उरकता येतो का ते डॉक्टरांना विचारा.

सातवी पायरी: डॉक्टरांशी बोलताना

रक्ताच्या बिघाडावर खरं औषध म्हणजे मूळ गाठीवरचा उपचार. गाठ काढली, केमोने आटली, तर रक्तही सावरतं. बाकी सगळं, म्हणजे प्लाझ्मा, रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, गुठळ्या होत असतील तर क्लोपिडोग्रेल किंवा हिपॅरिन, हे मधला काळ सांभाळण्यासाठी. रक्त येतंय आणि गुठळ्याही होतायत अशा कुत्र्याला रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की नाही, हा निर्णय फार नाजूक असतो. तो फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नका.

आयुष्य किती, हेही स्पष्ट विचारा. प्लीहेच्या हिमँजिओसार्कोमात नुसत्या ऑपरेशननंतर बहुतेक कुत्र्यांना एक ते तीन महिने मिळतात, सोबत डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध दिलं तर चार ते सहा. लिम्फोमाची गोष्ट वेगळी, पूर्ण केमोने अनेक कुत्री वर्षभर चांगली जगतात. आकडा ऐकताना पोटात खड्डा पडतो, पण तो ऐकल्यावरच आम्ही ठरवू शकलो की ऑपरेशन आणि केमो करायची, आणि परत पोटात फुटलं तर दुसऱ्यांदा टेबलावर न्यायचं नाही. हे आम्ही चौघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून, सुलतान पायाशी झोपलेला असताना ठरवलं. नंतर ती रात्र आली तेव्हा मुलगा पुण्यात होता. पण त्याचं मत आमच्याजवळ आधीच होतं, आणि वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांच्या घरचा नंबर होता. ते वीस मिनिटांत आले, आणि सुलतानला त्याच्या रोजच्या जागेवरून हलवावं लागलं नाही.

ते मागचं पान तुम्ही आजच तयार करा. त्यावर कुत्र्याचं वजन, गाठीचं नाव, शेवटचे तीन प्लेटलेट आकडे तारखेसह, चालू गोळ्या, रक्त देणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांचे नंबर, रात्री उघडा असणारा दवाखाना, आणि मोठी चादर कुठल्या कपाटात आहे ते.